म्हशीला फ्रिजवरचे स्टार कळत नाहीत

वैरणवाला
परवा एका पालक-समुपदेशक बाईंची पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. मुलांना स्वयंशिस्त लावायचीय? कुत्र्याचं पिल्लू आणा, फ्रिजवर तक्ता लावा. खाऊ घातलं की एक स्टार, फिरवून आणलं की एक स्टार, दहा झाले की पिझ्झा. दोन महिन्यांत मूल सुतासारखं सरळ! डोकंच फिरलं, म्हणून हा धागा.

पिझ्झा मिळणार म्हणून उठायचं, ती शिस्त नव्हे, रोजंदारी. आमच्या घरी दोन पंढरपुरी म्हशी होत्या. सहावीपासून पहाटे शेण काढायचं, वैरण टाकायची आणि आबांबरोबर म्हशी घेऊन कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं असतंय, त्याच्यासमोर धार काढायची. परीक्षा असो, ताप असो, म्हशीला रविवार ठाऊक नाही.

आठवीत असताना आबा परगावी गेलेले, संध्याकाळची धार माझ्यावर, आणि मी खासबाग मैदानात कुस्त्या बघत बसलो. रात्री दहाला घरी. कास तटतटलेली, म्हैस पाय झाडतेय. दगडी झाली, म्हणजे कास सुजून दगडासारखी. एक सड कायमचा गेला. आबा एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी कुठं पाच मिनिटं उशिरा पोचलेलो नाही. आता लावा स्टार.

कोयनाकाठ
+१. बेंदराला शिंगं रंगवायला सगळीच पोरं पुढं. वर्षभर बैल धुवायला कोण होतं ते विचारा.

रानजाई
असहमत, आणि जोरात.
माझी थोरली बहीण शेळ्या राखायची. माण तालुका. शेळ्या चरायची वेळ आणि शाळेची वेळ एकच, म्हणून चौथीनंतर तिची शाळा बंद. मी धाकटी, मी शिकले. शिस्त म्हणाल तर तिच्याइतकी मी कुणात पाहिली नाही. सावली बघून वेळ सांगते, एक करडू कमी असेल तर न मोजता ओळखते. उपयोग? बँकेत गेली की फॉर्म भरायला मला फोन.
मुलगा पहाटे म्हशी हाकून मग शाळेत जातो, ते संस्कार. मुलगी दिवसभर शेळ्यांमागे उन्हात फिरते, त्याला कुणी धागा काढत नाही. आणि राग मानू नका, धडा तुम्हाला मिळाला, सड मात्र म्हशीचा गेला.

सातवा_मजला
आमच्याकडे तो तक्ता आहे. हसू नका. मुलीनं पहिल्या आठवड्यात १४ स्टार मिळवले, दुसऱ्यात ४. आता ब्रूनोला सकाळी मी फिरवतो, रात्री मी, शी मी उचलतो. त्यात सोसायटीची नोटीस, कुत्रा लिफ्टमधून नेऊ नका. पशु कल्याण मंडळाच्या सूचना छापून सेक्रेटरीच्या हातात ठेवल्या, लिफ्टला बंदी घालता येत नाही म्हणून. तर म्हणतो, आधी वार्षिक सभेत ठराव आणा.

तिरकस
म्हणजे शिस्त लागली. वडिलांना.

गुरांचा_डॉक्टर
थोडं आमच्या धंद्यातलं. नुसती एक धार चुकली म्हणून दगडी होत नाही. ओला गोठा, न धुतलेले हात, यातून सडाच्या तोंडावाटे जंतू आत जातात. कासेत आधीच काहीतरी असणार. दूध तुंबलं आणि ते दुखणं उसळलं.
आणि वैरणवाले, एक विचारतो. पान्हा सोडायला रेडकू लागायचं ना? त्यातल्या नरांचं काय व्हायचं तेही लिहा की.

वैरणवाला
त्याचा इथं काय संबंध?

रानजाई
आहे संबंध. जनावर सांभाळून शिस्त येते म्हणताय, तर सगळी जनावरं मोजा. दूध देणारी तेवढी मोजू नका.

कोयनाकाठ
एसीत बसून शेतकऱ्याला अक्कल शिकवू नका! रेड्याला पोसायचं कुणी, तुम्ही? वैरणीचा भाव माहितीय? २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं म्हातारा बैलसुद्धा दावणीला कायमचा बसलाय.

गुरांचा_डॉक्टर
ती बंदी गाय, वळू, बैलांना. म्हशी-रेड्यांना नाही. वैरणीच्या भावाचं मात्र मान्य. नर रेडकाला चीकसुद्धा पोटभर मिळत नाही, यात दुष्टपणापेक्षा हिशोब जास्त असतो. रोज बघतो म्हणून सांगतोय.

रानजाई
एसी नाही हो आमच्याकडे. आणि हिशोब मोठ्यांचा. दावं पोराच्या हातात का देता?

सातवा_मजला
मी कुत्र्याबद्दल बोलत होतो.

तिरकस
कुत्रं केव्हाच मागं राहिलं.

वैरणवाला
बरं, लिहितो.
रेडकू सोडायचं, दोन ढुशा मारू द्यायच्या, पान्हा सुटला की ओढून खुंट्याला बांधायचं. ओढायचं काम माझं. तोंडाला फेस, पाय रोवून उभं राहायचं ते. रेडी असली तर आबा म्हणायचे, "राहू दे जरा." नर असला की काही म्हणायचे नाहीत. महिना-दीड महिन्यात मरायचं. एकदा कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवलेलं, ती चाटत होती आणि मी धार काढत होतो. तेसुद्धा अगदी वेळेवर.
याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पण म्हणून पिझ्झावाल्या बाई बरोबर ठरत नाहीत, एवढं सांगून ठेवतो.
आणि डॉक्टर, त्या सडापायी तीस वर्षं मन खात होतं. आभारी आहे, पण फार उशीर केलात.

रानजाई
सडाबद्दल बोलले ते मागे घेते. शेळ्यांबद्दलचं नाही.

कोयनाकाठ
घ्या, आता शेतकऱ्यानं माफी मागायची. चालू द्या.

सातवा_मजला
लिफ्ट बंद आहे, बाहेर पाऊस आहे आणि ब्रूनो दाराशी उभा आहे. जाऊन येतो. मुलीनं तक्त्यावर स्वतःचं नाव खोडून माझं लिहिलंय. या आठवड्यात १३ झाले.