खापर परत ठेवायला लावलं. माझं जास्त झालं का?

मुक्काम कोथरूड:
एप्रिलमध्ये आम्ही नऊ जण अमेरिकेतल्या यूटा राज्यात, ग्रँड गल्च नावाच्या दरीत चार दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाललो. केन गल्चने खाली उतरायचं, बुलेट कॅन्यनने वर यायचं, साधारण ३७ किलोमीटर. मुक्कामाला परवाना लागतो आणि एका गटात बाराच्या वर माणसं चालत नाहीत. कपारींमध्ये सात-आठशे वर्षांपूर्वीची दगडमातीची घरं आहेत. एका भिंतीत लिंपणाऱ्याच्या बोटांचे ठसे अजून जसेच्या तसे. खाली दाणे गेलेली मक्याची कणसं, माझ्या बोटाएवढी.

तिथे आमच्या एका मित्राने खापराचा तुकडा खिशात टाकला. दहाच्या नाण्याएवढा, पांढऱ्यावर काळ्या रेघा. अर्ध्या तासाने चहाला थांबलो तेव्हा कौतुकाने दाखवला. मी त्याला सगळ्यांदेखत परत पाठवलं, वाळूतून जाऊन-येऊन तीन किलोमीटर. गेला, ठेवून आला. पण पुण्यात आल्यापासून माझा फोन घेत नाही.

पर्वती पायथा:
बरोबर केलंत. सरकारी जमिनीवरचं असं काही उचलणं तिथे गुन्हा आहे, १९७९चा कायदाच आहे. आपल्याकडे लोक लेण्यांच्या भिंतींवर बदाम कोरतात, त्यांनाही असंच चालवलं पाहिजे. उन्हात.

पेठेतला:
कायद्याचा धाक घालू नका हो. १८९०च्या दशकात याच दरीतून रिचर्ड वेदरिल नावाच्या गुरं पाळणाऱ्या माणसाने खणून खणून माल काढला, मृतदेहांसकट. त्यातला पुष्कळसा न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. त्याने खोकी भरून नेली ते संशोधन, आणि आपल्या माणसाने नाण्याएवढं उचललं की चोरी? मुलीने शाळेत नेऊन दाखवलं असतं, चार पोरांना कळलं असतं.

येरवड्याची खणणारी:
वेदरिलला मध्ये आणलंत ते बरं झालं. मडकी घडवणाऱ्यांच्या आधी तिथे टोपल्या विणणारे लोक राहत होते, हे त्याला कशावरून कळलं? कड्यातल्या घरांच्या थराखाली वेगळे सांगाडे आणि टोपल्या निघाल्या, पण मडकी निघाली नाहीत, त्यावरून. म्हणजे काय कुठे पडलं होतं, यावरून. शिरूर तालुक्यात इनामगावला आमच्या डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं. तिथे घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत लहान मुलं पुरलेली सापडली. तीच मडकी आधीच कुणाच्या तरी शोकेसमध्ये गेली असती तर?

पेठेतला:
मुद्दा कबूल. आता धागाकर्त्याने एकच सांगावं. तुकडा जमिनीत होता की कुणी मांडून ठेवलेला?

मुक्काम कोथरूड:
मांडलेला. सपाट दगडावर तीस-चाळीस तुकडे होते, येणाऱ्याजाणाऱ्यांनी वेचून ठेवलेले.

पेठेतला:
संपलं की मग! जागा आधीच मोडली होती. ही पुराणवस्तूंची काळजी नव्हे, मास्तरकी.

येरवड्याची खणणारी:
संपत नाही. तसे ढीग मांडू नका असंच सांगतात तिथे. पण निदान तुकडा त्याच कपारीतला आहे हे तरी कळतं, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तेही जातं. आणि ज्यांचं ते आहे ती माणसं हयात आहेत. होपी आणि झुनी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींच्या लेखी ते ओसाड अवशेष नाहीत, पूर्वजांची घरं आहेत. हा सगळा बेअर्स इअर्सचा मुलूख राखावा म्हणून पाच जमाती एकत्र आल्या. २०१६मध्ये ओबामांनी तो राखीव केला, २०१७मध्ये ट्रम्पनी ८५ टक्के कापला, २०२१मध्ये बायडननी पुन्हा जोडला. त्यांच्याशी न बोलता आपण परस्पर "मुलीला दाखवतो" कसं म्हणायचं?

हडपसर गाडीतळ:
आमच्याकडे टीव्हीखाली एक खापर आहे, वडिलांनी तरुणपणी राजगडावरून आणलेलं. हे वाचून बायको म्हणाली, ठेवून या. गडावर कुठून उचललं ते वडिलांना आठवत नाही. संजीवनी माची म्हणतात, मग सुवेळा माची म्हणतात. आता कुठे ठेवू?

येरवड्याची खणणारी:
काका, हेच सांगत होते.

चार लिटरवाला:
तो मित्र मीच. उचललं ते चुकलंच, येरवड्याच्या ताईंनी सांगितल्यावर जास्तच पटलं. माझा राग वेगळा आहे. त्या दिवशी तंबू माझ्याकडे, वर चार लिटर पाणी. मी निघालो तेव्हा सोबत कोणी उठलं नाही. सगळे दगडाला टेकून बसलेले. परत आलो तर चहा संपलेला.

मुक्काम कोथरूड:
तुझा कप बाजूला काढून ठेवला होता रे. कुणी प्यायला ते मला माहीत आहे, इथे नाव लिहीत नाही. फोन उचल.