बोअरचे जुने जीआय पाईप पडलेत, काय करावं?

औसेकर_शेतकरी
राम राम मंडळी. ह्या उन्हाळ्यात बोअरमधले दीड इंची जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप काढले अन् काळा एचडीपीई प्लास्टिकचा पाईप सोडला, आता 20 फुटी 11 नळ्या गोठ्याच्या भिंतीला उभ्या हायेत, चार-पाचचे आटे गेलेत, बाकी दणकट. भंगारवाला मातीमोल भावात मागायलाय, जीव होईना द्यायला. त्यात पुतण्या म्हणतो काका एक तुकडा द्या, कार्बाईडची बंदूक करतो, नळीत भडका उडवून आवाज काढायची, हरभऱ्यात डुकरं शिरायलेत ती आवाजानं पळतील. मला ते पटंना. कुणी काय केलंय का अशा पाईपाचं?

सॅपर_परभणी
दादा, आधी पुतण्याला थांबवा. मी फौजेत सॅपर, म्हणजे वाटा-पूल-सुरुंगाची कामं करणारा जवान होतो, नळीचं कामच केलंय. जीआय पाईप म्हणजे पट्टी वाकवून उभी शिवण जोडलेली असती, आत बोट फिरवा, शिवण हाताला लागंल. बंदुकीची नळी भरीव पोलादाला भोक पाडून करतेत. पाण्याचा दाब अन् भडक्याचा दाब ह्यात जमीन-अस्मानाचा फरक, पाईप शिवणीवर उकलला की लोखंडाचा तुकडा कुणाच्या अंगात घुसंल सांगता येत नाही. पीव्हीसीच्या तर चिरफळ्या उडतेत. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात असल्याच बंदुकांनी कितीतरी लेकरांच्या डोळ्यांना इजा झाली. पेटलं का नाही म्हणून लेकरू वाकून नळीत बघतं अन् तेवढ्यात उडतं.

फौजेत नळीचे उपयोग लई. बंगलोर टॉर्पेडो म्हणून असतो, 1912 ला मद्रास सॅपर्सच्या कॅप्टन मॅक्लिंटॉकनं बंगळूरात काढलेला. स्फोटक दारू भरलेल्या पाच-पाच फुटी नळ्या एकीला एक जोडत काटेरी तारेखाली सरकवायच्या, पुढच्या नळीला गुळगुळीत टोपण म्हणजे तारेत गुतत नाही, अन् सरकवणारा मागं आडोशाला पडून. तारेतून वाट मोकळी. 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर हाच वापरला. त्याच साली इंग्रजांनी समुद्राच्या तळातून फ्रान्सपर्यंत पेट्रोलची पाईपलाईन टाकली, लोखंडी पाईप भल्यामोठ्या तरंगत्या रिळावर गुंडाळून, तुमच्या काळ्या पाईपाचं बंडल सोडतेत ना तसंच.

कारभारीण_गेवराई
भाऊ, विकू नका. आम्ही दोडक्या-कारल्याचा मांडव केला. 20 फुटीचे दोन तुकडे, दोन फूट जमिनीत काँक्रीटमधी, आटे गेलेले टोक खाली घाला म्हणजे ते वाया जात नाही. वरचं तोंड मात्र बंद करा, आमचं पहिल्या वर्षी उघडंच राहिलं तर पावसाचं पाणी आत साचून पाईप आतून गंजले अन् एकात गांधीलमाश्यांनी घर केलं, वेल बांधायला गेले अन् मनगट सुजलं. अजून एक, वेल्डिंग करायचं असलं तर जोडाजवळचं जस्त घासून काढा अन् उघड्यावर करा. ह्यांनी शेडमधी दार लावून केलं, रात्री थंडी वाजून ताप.

बेगमपुरा_संभाजीनगर
चांगले पाईप परत लाईनीत घालणार असाल तर चढावाच्या माथ्यावर एअर वॉल (हवा सोडायची झडप) विसरू नका, हवा धरली की पाणी पुढं सरकत नाही. आमच्या पाणचक्कीला डोंगराकडून पाणी येतं ते खापरी नळातून, जमिनीखालून, काही किलोमीटर, अन् मधी उभे मनोरे बांधलेत, त्यात पाणी वर चढतं, हवा सुटती अन् पाणी पुढं जातं. मलिक अंबरच्या काळापासून शहराला असंच पाणी दिलेलं. एकदा जाऊन बघाच.

औसेकर_शेतकरी
सगळ्यांचे आभार. सॅपर साहेबांचं पुतण्याला वाचून दाखवलं, आत बोट फिरवून शिवण त्यानं स्वतःच हुडकली अन् गप बसला. चार नळ्यांचा मांडव, बाकीच्या बांधाकडनं रोवून जाळी ताणायची ठरलंय डुकरांसाठी. ताई, तोंडं बंद करायला तुम्ही टोपणं आणली का सिमेंट भरलं?

कारभारीण_गेवराई
सिमेंट. टोपणं वानरं काढून नेतेत.