आयर्न मेडनची पन्नाशीची टूर: निकोशिवाय जावं का?

क्रॉयडनकरीण (3 जून 2025)

नमस्कार मंडळी. मला मेटल संगीतातलं फारसं कळत नाही, म्हणून जाणकारांना विचारतेय.

माझा मोठा भाऊ या महिन्यात नाशिकहून आमच्याकडे येतोय. 28 जूनला लंडन स्टेडियमवर आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा शो आहे. कॉलेजात असताना दादाने मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटी आमच्या घरात रात्रंदिवस वाजायच्या. आई 'तो आरडाओरडा बंद कर' म्हणायची आणि तो आवाज एवढासा कमी करायचा. 2008 साली ते मुंबईत आले तेव्हा बाबा दवाखान्यात होते, त्यामुळे त्याला जाता आलं नाही. त्याने तो विषय नंतर कधी काढला नाही, पण मला ते लक्षात आहे.

आता तिकीट काढते म्हटलं तर फोनवर म्हणतो, "निको नाही तर मेडन कसलं? एवढे पैसे घालवू नकोस." तिकिटं खरंच महाग आहेत, पण प्रश्न पैशांचा नाही. निको हा जुना ड्रमर जाऊन दुसरा आला म्हणून खरोखर एवढा फरक पडतो का? की वय झालेली माणसं आता कशीबशी गातात, म्हणून तो टाळतोय? शिवाय गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उभ्याचं तिकीट घेऊ की खुर्चीचं?

ठाण्याचा ड्रमर

ताई, दादांची अडचण मला पूर्ण समजते. मी ड्रम्स शिकवतो आणि निको मॅकब्रेन हा माझ्यासाठी देवमाणूस आहे. क्लासला येणारी पोरं पहिल्या महिन्यातच डबल पेडल (बेस ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं) मागतात. मग मी त्यांना 1983 चा 'पीस ऑफ माइंड' लावून देतो. निकोचा मेडनबरोबरचा हा पहिला अल्बम, आणि त्यातलं पहिलंच गाणं एकट्या ड्रम्सच्या फिलने, म्हणजे छोट्या तुकड्याने, उघडतं. पुढे बेस ड्रमवर जे काही ऐकू येतं ते एका पायाचं काम आहे, तेही अनवाणी. पोरं दोन-तीनदा ऐकतात आणि गप्प बसून सिंगल पेडलचा सराव करायला लागतात.

जानेवारी 2023 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्याचं वय सत्तर होतं. त्याच मे महिन्यात तो ल्युब्लियानाला टूरच्या पहिल्या शोला ड्रम्सवर बसला होता. त्या टूरमध्ये त्यांनी अलेक्झांडरवरचं ते 1986 चं लांबलचक गाणं काढलं. इतक्या वर्षांत ते त्यांनी मंचावर एकदाही वाजवलेलं नव्हतं. त्या हातापायांनी त्याने ते दीड वर्ष निभावलं आणि 7 डिसेंबर 2024 ला साओ पावलोत शेवटचा शो करून टूरिंग थांबवलं. त्या दिवशी मीही क्लास बंद ठेवला होता. तेव्हा दादांना जे वाटतंय ते हट्टापायी नाही.

पण त्यांना माझा एक हिशेब दाखवा. 27 मे ला बुडापेस्टला ही टूर सुरू झाली आणि सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांची यादी, आता सगळ्यांना ठाऊक आहे. 17 गाणी, सगळी 1980 ते 1992 मधल्या पहिल्या नऊ अल्बममधली. सुरुवातीची सलग पाच गाणी पहिल्या तीन अल्बममधली आहेत, आणि त्या तिन्ही अल्बमवर ड्रमर निको नव्हता, क्लाइव्ह बर होता. पुढची गाणीही धरली तर 17 पैकी 8 गाणी क्लाइव्हची होतात. निको आला 1982 च्या अखेरीस.

क्लाइव्हचं वाजवणं वेगळं होतं. स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम) मोकळा, हात हलका, आणि गाणं पळत असलं तरी मधे श्वासाला जागा ठेवणारा. निकोने ती गाणी चाळीस वर्षं स्वतःच्या पद्धतीने वाजवली, जास्त भरगच्च, जास्त टॉमवर (घुमणाऱ्या ड्रम्सवर). मला तीही आवडतात. आता सायमन डॉसन बसतोय. तो मेडनचा संस्थापक आणि बेस वाजवणारा स्टीव्ह हॅरिस याच्या दुसऱ्या बँडमध्ये, ब्रिटिश लायनमध्ये वाजवतो, म्हणजे स्टीव्हच्या बेसची सवय त्याला आधीपासून आहे. बुडापेस्टचं जेवढं माझ्या कानावर आलं त्यावरून सांगतो, त्याने निकोची नक्कल केलेली नाही. तो लय ओढून धरतो, त्यामुळे गाणी हातातून सुटत नाहीत. 'किलर्स' या दुसऱ्या अल्बममधली गाणी तर मला क्लाइव्हच्या जास्त जवळची वाटली. क्लाइव्हला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला आणि 2013 साली तो गेला. त्याचा हात या गाण्यांत पुन्हा ऐकू येत असेल, तर ड्रमरवर प्रेम करणाऱ्या माणसाने ते ऐकायला जावं.

आणि 2008 चं राहिलं आहे म्हणता, तर हे वाचाच. 1 फेब्रुवारीला मी बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर होतो. तो त्या जागतिक टूरचा सगळ्यात पहिला शो होता. लंडनच्या स्टॅनस्टेडहून बोइंग 757 निघालं, बाकूला इंधन भरून मुंबईत उतरलं. चालवायला होता ब्रूस डिकिन्सन, म्हणजे जो गाणार तोच वैमानिक. विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सगळं सामान भरलेलं. लोकांना ती हौस वाटली, पण त्यामागचं गणित पक्कं होतं. एरवी बँडचं सामान समुद्रमार्गे जातं. त्याला आठवडे लागतात, म्हणून लांबच्या देशांत एकामागून एक शो लावणं परवडत नाही. माणसं आणि सामान एकाच विमानात बसवल्यामुळे ते शुक्रवारी मुंबईत वाजवून सोमवारी ऑस्ट्रेलियात पर्थला वाजवू शकले. त्या पहिल्या फेरीत 45 दिवसांत 23 शो झाले. आपल्या नकाशावरच्या जागेमुळे आपण नेहमी वगळले जायचो. त्या विमानामुळे सुरुवातच आपल्यापासून झाली.

त्या रात्री अंधारात आधी चर्चिलचं भाषण सुरू झालं. माझ्या शेजारी कोल्हापूरहून रात्रभर एसटीने आलेली चार पोरं होती, त्यांना ते अख्खं पाठ होतं. पुढे कोलरिज या इंग्रज कवीच्या खलाशाच्या कवितेवरचं गाणं आलं, तेरा मिनिटांपेक्षा मोठं. मधे ते जवळजवळ थांबतं. जहाजाची लाकडं कुरकुरावीत तसा आवाज येत राहतो आणि एक माणूस कवितेच्या ओळी म्हणतो. एवढी गर्दी, पण कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. मग बेस परत येतो, आणि त्यानंतर मैदानावर जे झालं ते मला लिहून सांगता येणार नाही.

ते गाणं 2009 नंतर त्यांनी वाजवलंच नव्हतं. या टूरमध्ये परत घेतलंय. दादांचं 2008 मध्ये जे हुकलं, त्यातला सगळ्यात मोठा ऐवज त्यांना 28 तारखेला मिळणार आहे. तिकीट काढा, ताई. त्यांना विचारत बसू नका.

डॅन्यूबकाठी

मी व्हिएन्नाला राहतो, बुडापेस्टचा पहिला शो पाहून आलो. ताईंच्या वयाच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ब्रूस ऑगस्टमध्ये 67 चा होईल. 2015 साली त्याच्या जिभेच्या मुळाशी असलेल्या कर्करोगावर उपचार झालेत. तरी तो दोन तास मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. वरच्या काही सुरांना पूर्वीसारखा जात नाही, तिथे वळसा घेऊन खाली येतो, पण सूर सोडत नाही. स्टीव्ह हॅरिस 69 चा आहे. पाय मंचावरच्या स्पीकरवर, बेस बंदुकीसारखा प्रेक्षकांवर रोखलेला, आणि प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द स्वतःशी म्हणत होता. डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ, यानिक गर्स हे गिटारवाले तिघेही 68 चे. कशीबशी गाणारी माणसं मला तिथे दिसली नाहीत.

मागे आता कापडी पडद्यांऐवजी मोठा एलईडी पडदा आहे. मला आधी धास्ती होती की सगळं सिनेमासारखं होईल, पण चित्रं जुन्या कव्हरच्याच हाताची वाटतात. सुरुवातीला पूर्व लंडनच्या गल्ल्या दिसतात. तुम्ही ते प्रत्यक्ष पूर्व लंडनमध्ये बसून बघणार, याचा मला खरंच हेवा वाटतो.

दोन गोष्टी दादांना सांगून ठेवा. शोच्या आधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं की पाणी, बाथरूम सगळं सोडून जागेवर जायचं. कित्येक वर्षांची पद्धत आहे, त्यानंतर लगेच सुरू होतं. आणि फोन खिशात ठेवायचा. टूरच्या आधी त्यांचा मॅनेजर रॉड स्मॉलवुड याने सगळ्यांना तशी विनंती केली होती. बुडापेस्टला माझ्या आजूबाजूच्या बहुतेकांनी ती पाळली.

कोथरूडचा मेटलवाला

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. ड्रमरचा मुद्दा मला मान्य आहे, माझी तक्रार सेटलिस्टबद्दल आहे.

पन्नास वर्षांचा सोहळा म्हणायचा आणि 1992 ला थांबायचं? मधे बँड सोडून गेलेले ब्रूस आणि एड्रियन 1999 मध्ये परत आले. त्यानंतर 2000 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासून 2021 च्या 'सेन्जुत्सू'पर्यंत सहा अल्बम झाले, आणि त्यातलं एकही गाणं नाही. ब्रूस नसताना गाणाऱ्या ब्लेझ बेलीचे दोन अल्बम तर कुणी मोजतही नाही. माझं मेडन 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासून सुरू झालं. 17 मार्च 2007 ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते पहिल्यांदा भारतात आले तेव्हा मी गेलो होतो. त्या टूरच्या पहिल्या टप्प्यात, 2006 च्या हिवाळ्यात, त्यांनी त्या वेळचा नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवला होता. लोक जुनी गाणी मागत होते आणि ते नवीनच वाजवत राहिले. मला त्या बँडचा अभिमान वाटतो. फक्त आठवणींवर चालणारे बँड खूप आहेत.

दादांनी जावं, जरूर जावं, त्यांच्या कॅसेटी त्याच काळातल्या आहेत. मी मात्र पुढच्या नव्या अल्बमच्या टूरसाठी पैसे जमवतोय.

ठाण्याचा ड्रमर

तुमचं म्हणणं मनापासून पटतं. 'सेन्जुत्सू'च्या शेवटच्या तीन गाण्यांसाठी मी भांडायला तयार आहे. पण त्यांचा क्रम बघा: 2008-09 ची टूर जुन्या गाण्यांची, 2010-11 ची नव्या अल्बमची, 2012 ते 14 परत जुनी, 2016-17 नवी. इतिहासाची टूर केली की पुढे नवं घेऊन येतात. नव्या गाण्यांना जागा मिळते ती या टूरमुळेच, कारण पोरं अशा टूरला पहिल्यांदा येतात आणि मग नवीन ऐकायला टिकतात. बीकेसीला आलेले माझे विद्यार्थी 'फायनल फ्रंटियर' हा 2010 चा अल्बम निघाला त्या दिवशी माझ्या आधी दुकानात होते.

'नव्या अल्बमसाठी पैसे जमवतोय' हे मात्र तुम्ही फार चांगलं लिहिलंत.

क्रॉयडनकरीण

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री दादाला फोन करून ठाण्याच्या दादांचा प्रतिसाद सावकाश वाचून दाखवला. क्लाइव्ह बरच्या आठ गाण्यांपाशी आले तेव्हा तो म्हणाला, "थांब." मग तोच एकेक नाव घेऊन मोजायला लागला आणि आठ बरोबर आहेत म्हणाला. त्यानंतर अर्धा तास तो बोलत होता आणि मी ऐकत होते. इतकं तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

तिकिटं काढली. दोन, खुर्चीची, मंचाच्या बाजूच्या स्टँडमध्ये. मीही जातेय. आता तो विचारतोय की स्टीव्ह हॅरिसचं घर तिथून जवळ होतं का, आणि बघण्यासारखं काय आहे?

डॅन्यूबकाठी

खुर्ची घेतलीत ते उत्तम. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने मैदानात चार-पाच तास उभं राहणं शक्य नाही. आणि बाजूच्या स्टँडमधून तिन्ही गिटारवाले एकमेकांना कसे खुणावतात ते छान दिसतं. कानात घालायचे इअरप्लग दोघांसाठी न्या, फार्मसीतले साधे चालतील. तुम्हाला सवय नाही, तर पहिल्या गाण्यापासूनच घाला.

ठाण्याचा ड्रमर

जवळ म्हणजे अगदी पुढची स्टेशनं. स्टेडियमला तुम्ही स्ट्रॅटफर्डला उतरणार ना? तिथून सेंट्रल लाइनवर पुढचं स्टेशन लेटन, त्यापुढचं लेटनस्टोन. हॅरिसचा जन्म लेटनस्टोनचा, आणि बँड जमवला तो लेटनला, 1975 च्या नाताळात. आणि लंडन स्टेडियम हे वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचं मैदान. हॅरिस लहानपणी वेस्ट हॅमकडे चाचणी देऊन आलेला खेळाडू. त्याच्या बेसवर आजही त्या क्लबचं चिन्ह असतं. पन्नास वर्षं जगभर फिरून तो त्या रात्री आपल्या घरच्या क्लबच्या मैदानावर वाजवणार आहे. दादांना हे नक्की सांगा.

बघायचं तर 'कार्ट अँड हॉर्सेस' पब बघा. 1976 मध्ये ते तिथे वाजवायचे. मॅरीलँड स्टेशनपासून अगदी जवळ आहे, आणि स्ट्रॅटफर्डहूनही चालत जाता येतं. त्या दिवशी जगभरचे चाहते तिथे लोटणार, म्हणून सकाळी उघडताच जा किंवा आदल्या दिवशीच जाऊन या. संध्याकाळवर ठेवू नका. शो संपल्यावर 'ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ' लागेल. तेव्हा उठायची घाई करू नका, अख्खं स्टेडियम स्ट्रॅटफर्डकडे निघेल आणि जिन्यांवर गुडघ्याला त्रास होईल. गर्दी ओसरेपर्यंत खुर्चीत बसून राहा, किंवा जमलं तर दुसऱ्या बाजूने हॅकनी विक स्टेशनला जा. दादांनी परत आल्यावर इथे लिहायला हवं, डॉसनच्या स्नेअरबद्दल तर नक्कीच.