मिनीकूपर टोचलं, पण पाठीवर काळ्या पेशी नाहीत (शिवाय रिचर्ड व्हाइट यांच्या कामाबद्दल एक शंका)

काळापट्टा: जर्नल क्लबला (शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीला) झेब्राफिश माशावर मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, अभ्यासणाऱ्या रिचर्ड व्हाइट यांचं काम घेतलंय. 2008 चा पारदर्शक कॅस्पर मासा, 2011 चं लेफ्लुनोमाइड हे औषध, 2022 चा पंखातला मेलॅनोमा. ही तिन्ही कामं सुटी-सुटी वाटतात, एका सुरात कशी मांडावी?
दुसरं, प्रत्यक्ष कामातलं. नेकर (मिटफ-ए जनुक बिघडल्याने काळ्या रंगपेशी नसलेल्या) + p53 M214K (गाठ रोखणारं p53 बिघडलेल्या) भ्रूणांत मिनीकूपर-ब्राफ V600E टोचलं; हे प्लाझ्मिड मिटफ-ए परत देतं आणि सोबत कर्करोगाकडे ढकलणारं बिघडलेलं ब्राफ जनुक. प्लाझ्मिड 25 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, सोबत टॉल2 एमआरएनए (जनुक माशाच्या डीएनएत बसवायला) तेवढाच, थेंब 1 नॅनोलिटर. 72 तासांनी डोळे थोडे काळपट, शेपटीकडे थोडे ठिपके, पाठ कोरी. 24 तासांच्या आतच पीटीयू (रंग दाबणारं रसायन) घातलं होतं, चमक बघायला सोपं जावं म्हणून.

भ्रूणवेडी: उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. पीटीयू टायरोसिनेज हे विकर अडवतं, म्हणजे मेलॅनिन हा काळा रंग जवळपास तयारच होत नाही. पेशी आली असेल, पण रंगाविना दिसणार कशी? 0.003 टक्के पीटीयूचं पाणी काढा, साध्या ई3 (भ्रूण ठेवायच्या क्षारपाण्या) मध्ये दोन-तीनदा धुवा आणि एक-दोन दिवस थांबून बघा. मिनीकूपरच्या भ्रूणांना पीटीयू देऊच नये, त्यात काळी पेशी हीच खूण असते.

डोळ्यांवर जाऊ नका. नेकरमध्ये मिटफ-ए बिघडलेलं असलं तरी डोळ्यातल्या पडद्याचा रंग शाबूत राहतो, आणि पीटीयूतही तो थोडा उरतो. पीटीयूतल्या, न टोचलेल्या भावंडांचे डोळेही तेवढेच काळपट असतील.

शेपटीकडचे ठिपकेही तपासा. चंदेरी रंगपेशी, म्हणजे इरिडोफोर, खालून येणाऱ्या प्रकाशात चक्क काळे दिसतात. खालचा दिवा बंद करून वरून प्रकाश टाका: चकाकलं तर इरिडोफोर, मख्ख काळं राहिलं तर मेलॅनोसाइट, म्हणजे आपल्याला हवी ती काळी पेशी.

सुईधागा: थेंब 1 नॅनोलिटर हे मोजून म्हणताय की अंदाजाने? मोजपट्टीच्या स्लाइडवर खनिज तेल ठेवून त्यात थेंब सोडा. व्यास साधारण 0.12 मिलिमीटर भरला तर 1 नॅनोलिटर. 0.15 झाला तर जवळपास दुप्पट डीएनए जातं आणि भ्रूण दुसऱ्या दिवशी वेडेवाकडे होतात. सुईचं टोक मोडलं की पुन्हा मोजायचं, याला सगळेच कंटाळतात.

28.5 अंशांवर पहिलं विभाजन पाऊण तासात होतं. त्याआधी, पिवळ्या बलकात नव्हे तर थेट पेशीत टोचा. उशीर झाला की मोजक्याच पेशींत जनुक जातं, पाठ कोरी राहायला तेही कारण पुरतं. टॉल2 एमआरएनए जेलवर चालवून बघा. रेघेऐवजी फराटा दिसला तर तो खराब झालाय.

आणि नियंत्रण गट? ब्राफऐवजी नुसतं ईजीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) घातलेलं मिनीकूपर त्याच दिवशी, त्याच जोड्यांच्या अंड्यांत टोचा. काळ्या पेशी आलेलेच मासे वाढवा. प्रत्येक मासा पॅचवर्क असतो, त्यामुळे पाच-सहा माशांवरून गाठ लवकर आली की उशिरा, हे सांगता येत नाही.

भ्रूणवेडी: जर्नल क्लबचं आता. सुरुवात व्हाइट यांच्यापासून करू नका, 2005 पासून करा. बॉस्टनमध्ये लिओनार्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ पॅटन यांनी मिटफ-ए प्रवर्तकाखाली, म्हणजे रंगपेशींत चालू होईल असं, मानवी ब्राफ V600E झेब्राफिशमध्ये घातलं. त्या माशांना तीळ आले, पण कर्करोग झाला नाही. p53 गेल्यावरच मेलॅनोमा झाला. म्हणजे ब्राफ एकटं पुरत नाही. मग अजून काय लागतं? याच प्रश्नावर पुढचं सगळं उभं आहे.

2011 मध्ये व्हाइट झॉन यांच्याकडेच होते. ब्राफ-p53 भ्रूणांत क्रेस्टिनवाल्या, म्हणजे न्यूरल क्रेस्टच्या कच्च्या पेशी (ज्यांतून पुढे रंगपेशी बनतात) जास्त दिसल्या आणि मोठ्या माशाच्या गाठीतही तीच जनुकं जागी होती. मग औषध शोधायला गाठ कशाला हवी? 2,000 रसायनं भ्रूणांवरच चाळली आणि क्रेस्टिन कशाने पुसलं जातं ते पाहिलं. त्यातून डीएचओडीएच या विकराचा धागा लागला आणि त्याला रोखणारं, संधिवातासाठी आधीच वापरात असलेलं लेफ्लुनोमाइड हाती आलं.

कॅस्पर हे साधन. नेकर आणि रॉय या दोन्ही उत्परिवर्तनांमुळे मोठा मासाही पारदर्शक राहतो, लावलेल्या पेशी जिवंतपणी दिसतात.

तळपाय: 2022 चं काम आपल्याकडच्या वाचकांनी नीट वाचावं. भारतात मेलॅनोमाच्या रुग्णांत तळपाय-तळहाताचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा बरंच जास्त, आणि त्या प्रकारात बिघडलेलं ब्राफ कमी सापडतं. सीआरकेएल जनुक माशात वाढवलं तर गाठी धडाऐवजी पंखांकडे झुकतात, कारण तिथल्या पेशींत हॉक्स13 जनुकांची (शरीरातली जागा ठरवणाऱ्या) जुनी, भ्रूणातली ओळख शिल्लक असते. पंख म्हणजे आपल्या हातापायांचा भाऊबंद. पेशी शरीरात कुठे जन्मली, यावर कोणतं जनुक तिला बिघडवेल हे ठरतं.

एक सावधगिरी. लेफ्लुनोमाइड मेलॅनोमाचं मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही. स्लाइडवर 'माशाने औषध दिलं' असं लिहू नका, पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

काळापट्टा: पीटीयू काढून 40 तास झाले. वरून प्रकाश टाकून पाहिलं, 61 पैकी 14 भ्रूणांच्या पाठीवर मख्ख काळ्या पेशी आहेत. शेपटीकडचे ठिपके मात्र चकाकतायत.

सुईधागा: मग 14 च वेगळे काढा. आणि पुढच्या वेळी पाऊण तासाचं बघा, हा आकडा वाढायला हवा.