शब्दचर्चा: सूत्र ‘ओव्हरराइड’ करणं – मराठीत काय म्हणाल?

जमाखर्च: आमच्या सोसायटीच्या बिलांची एक्सेल शीट आहे. नव्या खजिनदारांसाठी तिचं सूचनापत्रक मराठीत लिहितेय. सी रकान्यात ‘सदस्य स्वतः राहतात का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं भरायचं. डी रकान्यात बिनभोगवटा शुल्क निघतं, सेवाशुल्काच्या १०%:

=इफ(सी२="नाही", बी२*१०%, ०)

सेवाशुल्क ३,००० आणि उत्तर ‘नाही’, तर ३००. इथवर ठीक. पण सदस्याची लेक त्या घरात राहत असेल तर हे शुल्क लागत नाही. तेव्हा कुणीतरी डी२ मध्ये सरळ ० टाइप करतं. याला सगळे ‘ओव्हरराइड केलं’ म्हणतात. मराठी शब्द सुचवा.

आडवाट: ‘डावलणे’. सूत्र डावलून आकडा घातला. झालं काम.

पागोळी: डावलण्यात अन्यायाची छटा आहे हो. बढतीत डावललं, तिकीटवाटपात डावललं. इथे तर लेकीला न्यायच मिळतोय. सरकारी वळणाचं ‘अधिलेखन’ कसं वाटतं?

आडवाट: अधिलेखन म्हणजे वरून लिहिणं. आपण बालवाडीत गिरवायचो तेही वरूनच लिहिणं होतं, फक्त खालचं अक्षर शाबूत राहायचं.

जुना कारकून: गंमत करताय, पण मुद्दा तिथेच आहे. सूत्र असलेल्या सेलमध्ये आकडा टाइप केला की सूत्र तिथून जातं, खाली काही शिल्लक राहत नाही. पुढच्या वर्षी लेक गेली, भाडेकरू आला, तरी डी२ शून्यच दाखवणार. सी२ मध्ये काहीही भरा, फरक पडणार नाही. बघणाऱ्याला ते शून्य सूत्राचं की हाताचं, हे कळतही नाही. म्हणून ताई, या कृतीला साधं ‘सूत्र पुसणं’ म्हणा. लोक घाबरून तरी करणार नाहीत.

व्याकरणवेडा: सूत्र जागेवर ठेवून त्याच्यावर दुसरी गोष्ट चालवणं, याला आपल्याकडे जुना शब्द आहे: बाध. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाला बाधतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. ‘आणि’ ऱ्हस्व लिहिल्याने नियम पुसला जात नाही, पुढच्या ‘पाणी’ला तो लागूच असतो. दोहोंपैकी आधी अपवाद बघायचा, तो लागू नसेल तरच नियमाकडे वळायचं.

पागोळी: शब्द नेमका आहे, पण आज कोण समजणार? ‘बाधित रक्कम’ वाचून खजिनदारांना पूरबाधित आठवेल, नाहीतर रात्री बाधलेली कांदाभजी.

जुना कारकून: शब्द राहू दे, पण क्रम अगदी तोच. डी रकान्याला हात लावू नका. ई हा वेगळा रकाना ठेवा, हाताने भरायचा. एफ मध्ये अंतिम रक्कम:

=इफ(ई२="", डी२, ई२)

ई२ रिकामा असेल तर सूत्राची रक्कम, नाहीतर हाताने दिलेली. रिकामा आणि शून्य यांत गल्लत नको. कुणी ‘ई२=०’ अशी अट घातली तर एक्सेल रिकाम्या सेललाही शून्य धरतं, म्हणजे मुद्दाम दिलेली माफी आणि काहीच न भरणं एकच होऊन बसतं. लेकीची माफी मग गेलीच! आणि आधीच कुठे सूत्रं पुसली गेली आहेत ते शोधायला ‘इझफॉर्म्युला’ फंक्शन आहे, एक्सेल २०१३ पासून. त्याच्यावर सशर्त रंग लावला की टाइप केलेले आकडे वेगळे उठून दिसतात.

आडवाट: मग त्या ई रकान्याला ‘हातचा’ म्हणा की! हाताने घातलेला तो हातचा.

व्याकरणवेडा: बेरजेतल्या हातच्याचं काय करणार?

वकिलीण: कायद्याच्या मराठीत याला अख्खं वाक्यच आहे: ‘…मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’. त्यातही मूळ कलम तसंच राहतं. पण मला मुळात प्रश्नच वेगळा वाटतो. लेक राहते ही काही खजिनदारांची मर्जी नव्हे, तो नियमातलाच अपवाद आहे. मग तो हाताने का भरायचा? सी रकान्यात हो-नाहीऐवजी ‘स्वतः / कुटुंबीय / भाडेकरू’ असे तीन पर्याय ठेवा आणि ‘भाडेकरू’ असेल तरच १०% लावा. हा झाला अपवाद. समितीने ठराव करून एखाद्याची रक्कम वेगळी ठरवली, तर ती सूत्रात बसणार नाही. ई रकाना तेवढ्यापुरता.

पागोळी: म्हणजे इतका वेळ आपण दोन गोष्टींसाठी एक शब्द शोधत होतो.

जुना कारकून: तीन. पुसणं धरा की.

जमाखर्च: सी रकाना आजच बदलते. ई रकान्याचं शीर्षक ‘समितीने ठरवलेली रक्कम’ आणि शेजारी ठराव क्रमांकाचा रकाना. ठराव क्रमांक नसेल तर ई मधला आकडा धरायचाच नाही, अशी अट एफ मध्ये घालता येईल ना?

जुना कारकून: येईल. जी मध्ये ठराव क्रमांक असेल तर =इफ(ऑर(ई२="", जी२=""), डी२, ई२). आणि डी, एफ कुलूपबंद करा. सेल मुळात लॉकच असतात. भरायचे तेवढे रकाने अनलॉक करून मग शीट प्रोटेक्ट करायची. उलट क्रमाने गेलात तर काहीच भरता येणार नाही.