आंब्याच्या बुंध्यातून काठवट होईल का?

कोथरूड_सुतारी: सोसायटीतला आंबा पावसात पडला. उद्यान विभागाचे सोपस्कार झालेत. बुंध्याचा 3 फूट लांब, 14 इंच व्यासाचा ओंडका मिळालाय. भाकरीचं पीठ मळायला काठवट आणि एक-दोन वाडगे करायचेत. आंबा चालेल, की टिंबर मार्केटमधून बाभूळ किंवा शिसव आणू? आणि ओंडका आधी वाळवायचा का?

वाकस_पटाशी: आंबा चालेल. वाळवत मात्र ठेवू नका, याच आठवड्यात कापा. ओला आंबा पावसाळ्यात पडून राहिला की बुरशीने काळानिळा पडतो, मागोमाग भुंगेरे पोखरतात. शिवाय अख्खा ओंडका वाळताना गाभ्यापर्यंत तडकतोच.

16 इंचांचे दोन तुकडे करा, मधोमध उभे चिरा, चिरलेल्या तोंडाकडून गाभ्याचा एकेक इंच काढून टाका. गाभा भांड्यात राहिला की भेग तिथूनच सुरू होणार, मग लाकूड कुठलंही असो. काठ गाभ्याकडे, बूड सालीकडे. 12 इंच तोंडाची, बाहेरून 4 इंच उंच काठवट सहज बसते. बूड 8 इंचांच्या आत ठेवा, नाहीतर साल लागेल.

ओलं असतानाच कोरून घ्या, पण भिंत सव्वा इंच जाड ठेवा, म्हणजे व्यासाचा साधारण दहावा भाग. वाळताना तोंड लंबगोल होतं, ते नंतर गोल करायला हे जाडपण लागतं. जिथे लाकडाच्या रेषांची (धाग्यांची) टोकं उघडी पडतात तिथे मेण लावा. कागदी पिशवीत भुशासकट, पंख्यापासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा; ते घटायचं थांबलं की भांडं वाळलं.

काताळी: वजन पावसाळ्यातही थांबतं, त्याला फसू नका. हवेतलीच ओल असते ती. शेवटचं कोरकाम दिवाळीनंतर करा, नाहीतर एप्रिलच्या कोरड्या हवेत भांडं पुन्हा आकसेल.

रोजच्या मळणीला माझं मत बाभळीला: घट्ट, जड, जागचं हलत नाही. पण तिच्यात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, लोखंडाचा ओला तवा टेकला की काळा डाग. शिवणीचं लाकूड हलकं, कोरायला सोपं, कमी आकसतं, वाडग्यांना उत्तम. सागात वाळूसारखे कण असतात, पटाशीची धार लवकर जाते. जुन्या वाड्याच्या तुळया स्वस्त मिळाल्या तरी खाण्याच्या भांड्याला नकोत: खिळे, जुना रंग, आणि बहुतेकींत गाभा तसाच.

कोथरूड_सुतारी: शेंगदाणा तेल लावलं तर?

वाकस_पटाशी: नको, ते सुकत नाही, खवट होतं. खाण्याचं जवसाचं तेल पातळ चोळा, अर्ध्या तासाने पुसा, सुकायला आठवडाभर द्या. असे तीन हात. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घालतात. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवा.