सँपल फ्लॅट आणि खरा फ्लॅट: बघताना नेमकं काय तपासायचं? (पुनावळे-रावेत)

नमस्कार मंडळी,

पिंपरी-चिंचवडच्या पुनावळे-रावेत भागात टू बीएचके बघतोय. बजेट ऐंशी लाखांच्या आत. बरंच फिरून दोन जागांवर गाडी अडलीय आणि घरात दोन पक्ष पडलेत.

पहिल्या जागेचं बांधकाम चालू आहे. सेल्स ऑफिसला लागून सँपल फ्लॅट उभा केलाय, आत शिरलं की डोळे दिपतात. पण बायकोच्या लक्षात आलं की आत एकाही खोलीला दारच नाही. दार बसवलं तर ते थेट कपाटावर आपटणार, हे तिने तिथेच टेप धरून दाखवलं. मग मी पलंग मापला. लांबी पावणेसहा फूट, आणि मी पाच फूट दहा इंच! खिडक्यांच्या काचेमागे दिवे लावलेत, त्यामुळे खरा उजेड-वारा कळायला मार्ग नाही. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, आणि 'सेफ्टी'चं कारण देऊन वर सोडत नाहीत.

ब्रोशरमध्ये कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ, ७२५ चौरस फूट. महारेराच्या (राज्याच्या गृहबांधणी नियामकाच्या) साइटवर त्याच फ्लॅटपुढे ५९.४ चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४० फूट. विचारलं तर म्हणे, "सर, आम्ही युजेबल कार्पेट सांगतो, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी धरून." वर आजच एक लाख टोकन दिलं तर फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ! कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय.

दुसरी जागा तयार, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेली, त्यामुळे जीएसटी नाही. पहिलीकडे ५ टक्क्यांनी साडेतीन-चार लाख जातात. पण उरलेत ते फ्लॅट दुसऱ्या मजल्यावरचे, खाली पार्किंगचा रॅम्प, बाजूला जनरेटर. शिवाय पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी. टँकर किती लागतात म्हटलं की सेल्सवाला विषयच बदलतो.

वर न जाता अकराव्या मजल्याचा अंदाज कसा घ्यावा? सँपलमधलं काय मिळणार ते लेखी कसं घ्यायचं? आणि तयार फ्लॅटमध्ये काय बघावं? आईबाबा दुसऱ्या जागेच्या बाजूने आहेत, मी अजून कुंपणावर.

प्रतिसाद १

आधी टोकनची घाई सोडा. फ्लोअर राइज पुढच्या रविवारीही माफ होतो.

कार्पेट ६४० हेच खरं. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे टेपने मोजाल तर ६४० पेक्षाही थोडं कमीच भरेल. दोन्ही जागांची एकूण किंमत ज्याच्या त्याच्या रेरा कार्पेटने भागून बघा.

सँपलचे फोटो-व्हिडिओ काढून ठेवा. दिशाभूल करणाऱ्या सँपल फ्लॅटवर भिस्त ठेवून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. पण तिथवर जाऊच नये. कराराचा मसुदा आत्ताच मागा आणि टाइल्स, नळ, दारं यांची यादी परिशिष्टात आहे का बघा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हेही त्यांना माहीत असतंच.

अकराव्या मजल्यासाठी मंजूर लेआउट बघा. समोर पुढच्या फेजचा टॉवर असेल तर खिडकीतून तोच दिसणार.

प्रतिसाद २

तयार फ्लॅट भर पावसाळ्यात बघा. खिडकीखालचे कोपरे आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत हाताने चाचपा, ओल तिथेच आधी येते. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. उतार चुकला असेल तर पाणी दाराशी साचतं. टाइल्सवर नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला की खाली माल नीट भरलेला नाही. जनरेटर तुमच्यासमोर चालू करायला लावा, नाही म्हणाले तर समजून जा.

टँकरचं सेल्सवाल्याला कशाला विचारताय? संध्याकाळी गेटवर वॉचमनशी बोला, राहायला आलेल्या एखाद्या काकूंना विचारा. महिन्याचा हिशोब तोंडपाठ असतो.

आणि ओसी पूर्ण आहे की पार्ट, म्हणजे काही भागापुरतीच? पार्ट असेल तर त्यात तुमची विंग आणि मजला लिहिलेला हवा. नाव झाकून प्रत इथे टाका, बघून सांगतो.